जावाच्या पिस्टनवरचा आकडा

आजच्या भागाची सुरुवात तुम्ही एका आवाजाने ऐकलीत. ज्यांनी भाग ऐकला नाही आणि थेट वाचतायत त्यांच्यासाठी सांगतो, तो आवाज १९६९ सालच्या जावा २५० चा होता. डब... डब... डब... असा, मध्ये मध्ये अडखळल्यासारखा. टू-स्ट्रोक गाडी न्यूट्रलला असताना असाच आवाज करते. प्रत्येक ठोक्यानंतर वाटतं की आता बंद पडणार, आणि ती पडत नाही.

ही गाडी माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. गेली २५ वर्षं ती तासगावजवळच्या आमच्या आजोळी, गोठ्याच्या मागच्या पडवीत पोत्यांखाली उभी होती. गेल्या वर्षी दिवाळीआधी पडवीची साफसफाई काढली, तेव्हा भंगारवाला आला आणि साडेचार हजार देतो म्हणाला. आईने मला फोन केला, "तुला ते जुनं काहीबाही आवडतं ना? बघ बाबा, नाहीतर दादा देऊन टाकतोय."

दादा म्हणजे माझा मामा. आता गंमत अशी की, हाच मामा एकेकाळी सांगलीत जावा-येझदीचा नावाजलेला मिस्त्री होता. त्याच्या गॅरेजच्या पाटीवर पिवळ्या रंगात लिहिलेलं असायचं: जावा-येझदी स्पेशालिस्ट. आणि आज तोच माणूस बापाची जावा भंगारात घालायला निघाला होता. का, ते मला गाडी खोलेपर्यंत कळलं नाही.

पण त्याआधी ही गाडी मुळात आपल्याकडे आली कशी, ते बघू. कारण तासगावच्या पडवीतल्या या गाडीचा पत्ता थेट प्रागपर्यंत जातो.

शस्त्रांच्या कारखान्यातून मोटरसायकल

फ्रांटिशेक यानेचेक नावाचे एक चेक इंजिनिअर होते. त्यांचा धंदा शस्त्रांचा. पहिलं महायुद्ध संपलं, मागणी घटली, आणि त्यांनी दुसरं काहीतरी बनवायचं ठरवलं. १९२९ मध्ये त्यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून ५०० सीसी मोटरसायकलचे हक्क घेतले. यानेचेकमधला 'जा' (चेक लोक 'जे' हे अक्षर 'य' असं वाचतात, तो भाग वेगळा) आणि वांडररमधला 'वा' मिळून झालं जावा. इंडोनेशियातल्या जावा बेटाशी काही संबंध नाही. मला कॉलेजपर्यंत तसंच वाटत होतं, हे कबूल करतो.

पहिली गाडी महाग होती आणि त्यात जागतिक मंदी आली. मग १९३२ मध्ये त्यांनी १७५ सीसीची हलकी, स्वस्त टू-स्ट्रोक काढली, आणि तिने कंपनी तारली. पुढे दुसरं महायुद्ध आलं, देश नाझींच्या ताब्यात गेला. १९४१ मध्ये यानेचेक वारले. पण कंपनीतले इंजिनिअर या काळातही लपूनछपून एका नव्या २५० सीसी गाडीवर काम करत राहिले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा लोक बघत राहिले. तिचं नाव पेराक. मागच्या चाकाला स्प्रिंगचं सस्पेन्शन होतं, त्यावरून.

आण्णांच्या गाडीत दोन भन्नाट कल्पना होत्या. जावाला किक आणि गिअर यांना वेगवेगळे दांडे नाहीत. एकच दांडा. तो आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की तोच गिअर. आणि दुसरी गोष्ट, जी पेराकपासूनच आली, ती म्हणजे गिअर टाकायला पायाने दांडा हलवलात की क्लच आपोआप सुटतो. हाताने दाबायची गरज नाही. पाहिजे तर दाबा. १९४६ साली! मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जेवढी यंत्रं पाहिली, त्यात एवढं कमी सामान वापरून एवढं जास्त काम करणारं दुसरं आठवत नाही.

म्हैसूर, आणि एक इराणी कुटुंब

आता भारतात या. १९५० चं दशक. परकीय चलन कमी, त्यामुळे तयार गाड्या बाहेरून आणण्यावर बंधनं येत गेली. सरकारचं म्हणणं सरळ होतं: विकायची असेल तर इथे बनवा. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्डची बुलेट सुरू झाली. आणि १९६० मध्ये रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी कारखाना सुरू झाला. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार तेव्हा राज्याचे राज्यपाल होते आणि त्यांचा या कारखान्याला पाठिंबा होता.

इराणी म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या माणसाला आधी बनमस्का आठवतो. बरोबरच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणमधून, विशेषतः यझ्द आणि करमान या भागांतून, झरतुष्ट्री लोक मुंबईत आले. त्यांनी चौकाचौकांत हॉटेलं टाकली. १९७३ च्या सुमारास म्हैसूरच्या गाडीचं नाव जावाचं येझदी झालं, तेव्हा ते नाव या यझ्द शहरावरून आलं, असं सांगतात. योगायोग असा की, चेक भाषेतही येझदी या उच्चाराचा शब्द 'चालतो, धावतो' अशा अर्थाचा आहे. दोन्ही गोष्टी गाडीला शोभतात.

आण्णांनी १९६९ मध्ये घेतली ती येझदी होण्याआधीची, टाकीवर जावा लिहिलेली. मरून रंग, टाकीच्या बाजूला क्रोम, वर सोनेरी रेघ. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. आण्णा साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. उसाच्या नोंदी घ्यायला गावोगाव फिरायचे. तेव्हाचे रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. त्या रस्त्यांवर ही गाडी टिकली, कारण तिच्यात बिघडण्यासारखंच फार कमी होतं. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो.

फक्त एक अट असते. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लिटरला ४० मिली. तेल विसरलात तर पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांवर कोरडे घासतात, तापतात, फुगतात, आणि चालत्या गाडीत पिस्टन पकडतो. त्याला मिस्त्री लोक 'सीज झाली' म्हणतात. मागचं चाक जागच्या जागी लॉक.

ही अट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

खोलणं

मी मामाला म्हणालो, "मामा, आपण दोघं मिळून करू. मला शिकवा." तो म्हणाला, "आता हात चालत न्हाईत. आणि कशाला? चालवणार कोण?" दोन दिवस मी एकटाच यूट्यूब बघून खटपट करत होतो. पहिल्या दिवशी मॅग्नेटोच्या बाजूचा एक स्क्रू फिरेना, म्हणून मी स्क्रूड्रायव्हरवर जोर लावला आणि त्याचं डोकंच घासून टाकलं. मामा दारात उभा राहून बघत होता. तो आत गेला, आणि कापडात गुंडाळलेली पान्ह्यांची पिशवी घेऊन आला. २६ वर्षांत पहिल्यांदा. काही न बोलता छिन्नी लावली, हातोडीचा एक हलका ठोका दिला आणि स्क्रू सुटला.

"जोर लावायचा नसतो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर चार महिने, दर शनिवार-रविवार, मी पुण्याहून जात राहिलो. मी माझ्या सवयीने प्रत्येक नट-बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर नंबर लिहिला, मोबाईलवर शीट बनवली. मामाने सगळं एका परातीत टाकलं. जोडताना माझ्या शीटप्रमाणे एक वॉशर जास्त निघाला. मामाने तो बोटांत फिरवला आणि म्हणाला, "हा या गाडीचाच न्हाई. कुणीतरी लावलाय." तो कुणीतरी तो स्वतःच होता, हे त्याला संध्याकाळी आठवलं.

सामान मिळवणं हे वेगळंच प्रकरण. पुण्यात नाना पेठ पालथी घातली, दिल्लीच्या करोल बागेतून काही रबरं मागवली, बाकी जुन्या जावावाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. तिथे एका अनोळखी काकांनी कार्बोरेटरची सुई फुकट पाठवली. फक्त म्हणाले, "गाडी चालू झाली की आवाज पाठव."

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकातून डिझेल आणि रॉकेलचं मिश्रण ओतून आठवडाभर ठेवलं, तेव्हा पिस्टन हलला. सिलिंडर वर उचलला. मी कापडाने पिस्टनचं डोकं पुसलं, आणि काजळीखाली एक आकडा दिसला: ६५.५०.

आता हे नीट ऐका, कारण इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला मजा येईल. या इंजिनाचा मूळ बोअर ६५ मिलीमीटर. सिलिंडर झिजला किंवा चरे पडले की लेथवर तो पाव मिलीमीटर मोठा करतात आणि तेवढाच मोठा पिस्टन बसवतात. म्हणजे ६५.२५ असेल तर एकदा बोअर झालाय. ६५.५० म्हणजे बहुतेक दोनदा. शिलालेख किंवा ताम्रपट वाचावा, तसं इंजिनही वाचता येतं. फक्त काजळी पुसायची तयारी पाहिजे.

मी म्हणालो, "मामा, दोनदा बोअर झालंय."

"दुसरं मी केलं. ८८ ला. माझ्याच गॅरेजात."

"आणि पहिलं?"

मामाने पिस्टन माझ्या हातातून घेतला आणि परत पुसायला लागला. स्वच्छच होता तो.

तेलाचे पैसे

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. १९७६ मध्ये आण्णांची गाडी सीज झाली, कारण एका पंपावर पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं होतं. आण्णा हे सगळ्यांना सांगायचे. आज्जी सांगायची. आईनेही मला लहानपणी सांगितलंय.

मामाने त्या रविवारी वेगळी गोष्ट सांगितली. तेव्हा तो १६ वर्षांचा. आण्णांनी त्याला सांगलीला कामाला पाठवलं, गाडी दिली, पेट्रोलचे आणि तेलाचे पैसे दिले. सांगलीत 'शोले' लागला होता. मामाने तेलाच्या पैशांचं तिकीट काढलं. पेट्रोल भरलं, तेल घातलंच नाही. एकदा नाही घातलं तर काय होतंय, असं त्याला वाटलं. परत येताना गाडी रस्त्यात पकडली, मागचं चाक लॉक झालं आणि तो फेकला गेला. त्याच्या कोपरावरचा व्रण मी लहानपणापासून बघतोय.

गाडी ढकलत घरी आणली आणि आण्णांना सांगितलं, "पेट्रोलात काहीतरी होतं." आण्णांनी मान डोलावली. पुढे आयुष्यभर तेच सगळ्यांना सांगितलं.

"मी बापाशी खोटं बोललो," मामा म्हणाला, "आणि त्यांनी ते खरं धरलं. मरेपर्यंत."

तेव्हा मला कळलं की त्याला ती गाडी भंगारात का घालायची होती.

गाडी बंद पडेनाशी झाली

पण मामाच्या गॅरेजचं काय झालं? ही कहाणी फक्त त्याची नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो.

१९८० च्या दशकात सरकारने जपानी कंपन्यांबरोबर भागीदारीला वाट करून दिली. १९८४-८६ च्या दरम्यान सुझुकी, यामाहा, होंडा, कावासाकी या चारही कंपन्यांच्या १०० सीसी गाड्या भारतात बनू लागल्या. त्यातली १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० ही फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा थोडा भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो, म्हणून ती पेट्रोल जास्त पिते आणि धूर सोडते. फोर-स्ट्रोकमध्ये ते होत नाही. पगारदार माणसाने हिशोब केला आणि निकाल लागला. त्यात १९९६ आणि २००० मध्ये धुराचे नियम आणखी कडक झाले. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला होता.

मामाने १९८४ मध्ये टाकलेलं गॅरेज १९९८ मध्ये बंद केलं. मी विचारलं, नवीन गाड्या का नाही शिकलात? त्याचं उत्तर मी मोबाईलवर लिहून ठेवलंय: "शिकलो की. पण त्या बिघडत न्हाईत. गाडी बंद पडेनाशी झाली, की मिस्त्री बंद पडतो."

मग पुढची वीस वर्षं त्याने एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर काढली. ज्याला इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून पॉइंटचा गॅप कळायचा, तो माणूस खिळे तोलून देत होता. मी कोड लिहून पोट भरतो. माझ्या कामातली निम्मी अवजारं पाच वर्षांपूर्वी नव्हती, आणि पुढच्या पाच वर्षांत त्यातली किती उरतील, याचा विचार मी रात्री करतो. त्यामुळे मामाचं ते वाक्य ऐकून मला हसू आलं नाही.

ट्रंकेतली वही

गाडी जोडून होत आली, तेव्हा कागदपत्रांचा प्रश्न आला. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम काढलेत. व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. ज्यांच्याकडे जुना नंबर आहे, त्यांना तो ठेवता येतो. पण त्यासाठी आधी आरसी बुक सापडायला हवं.

म्हणून आम्ही आण्णांची लोखंडी ट्रंक उघडली. आरसी बुक सापडलं, वाळवीने एक कोपरा खाल्लेलं, पण नंबर वाचता येत होता. आणि त्याच्या खाली आण्णांच्या जमाखर्चाच्या वह्या. आयुष्यभर उसाच्या नोंदी करणारा माणूस तो. घरचा पै-पैचा हिशोब तारखेनिशी.

मी १९७६ ची वही काढली. मामा चष्मा शोधत होता, म्हणून मीच वाचली. त्यात एका पानावर होतं:

*जावा. बोअर, पिस्टन, रिंगा. (तेल नसल्याने.)*

आणि त्याच्या खालीच, त्याच शाईत:

*बाळूस गॅरेजला ठेवले.*

बाळू म्हणजे मामा.

साहजिक होतं. ज्या मिस्त्रीने ती गाडी खोलली, त्याला पिस्टन बघताक्षणी कळलं असणार. त्याने आण्णांना सांगितलं असणार. आण्णांना दोन दिवसांत सगळं माहीत झालं होतं. आणि त्यांनी काय केलं? मुलाला त्याच मिस्त्रीच्या हाताखाली पाठवलं. आणि गावाला रॉकेलची गोष्ट सांगितली. मरेपर्यंत.

मामाने चष्मा लावून ती दोन वाक्यं वाचली. पुन्हा वाचली. मग उठला, अंगणात गेला आणि रॉकेलने हात धुवायला लागला, जरी त्या दिवशी आम्ही गाडीला हातच लावला नव्हता. मी त्याच्या मागे गेलो नाही.

इतिहासात आपण नेहमी शिकतो की तोंडी गोष्टीपेक्षा लेखी पुरावा पक्का. ते खरं आहे. पण ती तोंडी गोष्ट खोटी असली, तरी तीही पुरावाच होती. फक्त पेट्रोल पंपाबद्दलचा नाही, तर सांगणाऱ्या माणसाबद्दलचा.

किक

फेब्रुवारीच्या एका सकाळी गाडी चालू केली. पेट्रोल मी डब्यात आणलं होतं. मामाने माझ्या हातातून डबा घेतला आणि तेल स्वतः मोजलं. नवीन पिस्टन असल्यामुळे लिटरला ५० मिली. आज्जीची औषधाची काचेची मापाची बाटली होती, ती डोळ्यांसमोर धरून त्याने रेघ पाहिली. ओतलं. डबा हलवला. पुन्हा हलवला.

अकराव्या किकला गाडी बोलली. तो आवाज मी रेकॉर्ड केला आणि सर्वांत आधी त्या सुई पाठवणाऱ्या काकांना पाठवला. तोच तुम्ही सुरुवातीला ऐकलात. नीट ऐकलंत तर आवाजाच्या मागे एक माणूस काहीतरी म्हणतोय. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, काय म्हणतोय तो? तो मामा आहे. मी क्लच दाबून गिअर टाकायला गेलो होतो, तर म्हणतोय, "अरं, क्लच सोड. पायानं होतंय ते."

पिस्टनवर आता ६५.७५ लिहिलंय.

तुमच्या घरी पडवीत, माळ्यावर, पार्किंगच्या कोपऱ्यात अशी एखादी गाडी, रेडिओ, शिलाई मशीन असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी ज्याला ती वस्तू कळते त्याच्याशी एकदा बोला. तो माणूस सहसा घरातच असतो, आणि त्याला बरेच दिवस कुणी काही विचारलेलं नसतं. काय सापडलं, ते मला आवाजी मेसेज करून कळवा. चांगले मेसेज पुढच्या भागात ऐकवतो.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरू नका.